उचलती चूल (कोकण)

उचलती चूल : एका जागी लिंपून न टाकता हवी तिथे नेता येणारी, लाकूडफाट्यावर पेटणारी चूल. कोकण किनारपट्टीवर ती अंगणात, मांगरात (घराबाहेरच्या खोपटात), वाडीच्या कडेला आणि सुरूच्या बनातल्या सहलीत दिसते. वादळात किंवा पुरात घरातला ओटा निकामी झाला, की सगळे घर तिच्यावर जेवते. तीन चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) मांडून केलेली चूल तिची थोरली बहीण. चिरे कुठेही मिळतात, पण पावसात भिजलेला जांभा आधी स्वतःच आच पितो.

प्रकार : मातीची चूल जुनी, लाल माती, भाताचे तूस आणि शेण मळून ती घरीच करतात. तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली तोंड कापून, आतून माती लिंपली की पत्र्याची चूल होते. भुसा-चुलीत डब्याच्या मधोमध दांडा उभा धरून भोवती लाकडाचा भुसा ठासतात आणि दांडा अलगद काढतात. राहिलेल्या भोकातून जाळ वर चढतो, भुसा सावकाश धुमसत राहतो. रॉकेट चूल १९८० च्या दशकात अमेरिकेतील लॅरी विनियार्स्की यांनी विकसित केली. तिच्यात काटकोनात वळलेली नळी असते आणि उभ्या भागाभोवती उष्णता धरून ठेवणारे अस्तर. लाकूड तापले की त्यातून वायू निघतात; उघड्या चुलीत ते न जळताच धूर होऊन डोळ्यांत जातात, इथे तापलेल्या नळीत पेटतात. म्हणून करंगळीएवढ्या काटक्यांवरही टोपभर भात होतो. मात्र काटक्या सतत पुढे सरकवाव्या लागतात. ओंडका घालून शेजारी गप्पा मारायला जाण्याची ही चूल नव्हे.

जळण : खरी मेख इथे आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकते, आणि ते उडवण्यात आधी आच खर्ची पडते. कोकणात बरीचशी तयारी नारळच करून ठेवतो : पेटवायला वाळलेली पोय (फुलोऱ्याचे आवरण) आणि चुडते (झावळ्या), जाळ धरायला करवंट्या, धग टिकवायला सोडणे, म्हणजे नारळाची वरची साले. सुरूची वाळकी पाने चटकन भडकतात नि तितक्याच चटकन विझतात. काजूच्या बियांची टरफले मात्र स्वयंपाकाला वापरू नयेत. त्यांतले दाहक तेल धुरातून घशाला आणि डोळ्यांना झोंबते. हे सगळे आगोटीच्या आत, म्हणजे पाऊस लागण्यापूर्वी, माळ्यावर किंवा पडवीत चढलेले असावे लागते. सुकी मासळी आणि मीठ-मिरचीच्या बेगमीत जळण पूर्वी आपोआप मोजले जाई; गॅस आल्यावर ते यादीतून गळले. चूल विकत घेणे सोपे, जुलैत कोरडे सोडण मिळवणे कठीण.

आपत्तीकाळ : ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन–दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आले. माड, पोफळी आणि आंब्याची झाडे आडवी झाली, रस्ते अडले, वीज अनेक गावांत कित्येक दिवस नव्हती. लाकडाचा ढीग दारात होता, पण सगळा हिरवा, आणि वर पाऊस. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर सरकले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले. पुरात तळमजल्याचा भरवसा नसतो. १४.२ किलो गॅसचा भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो, त्यामुळे तो बांधलेला नसेल तर वाहून जातो. एका हाताने माळ्यावर नेता येणारी चूल आणि गोणभर कोरडे जळण तेव्हा उपयोगी पडते. उकड्या तांदळाच्या पेजेला वेळ लागतो. चांगल्या उकळ्या आल्यावर टोप घट्ट झाकून गोधडीत गुंडाळला, तर उरलेले शिजणे जळणाशिवाय होते. सोबतीला निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा.

दक्षता : बंद खोलीत ही चूल पेटवू नये. निखारे धूर न करताही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला वास नसतो, त्यामुळे पावसाला घाबरून दारे-खिडक्या लावून घेणेच जिवावर बेतते. पडवी किंवा उघडी ओसरी बरी, शाकारलेल्या छपरापासून दूर. किनाऱ्यावर दुपारनंतर खारा वारा वाढतो. सुरूच्या बनात जमिनीवर वाळक्या पानांचा थर असतो, म्हणून जागा वाळूपर्यंत साफ करून, वाऱ्याकडे पाठ करून बसावे. नुसत्या वाळूने झाकलेले निखारे आत तसेच राहतात आणि मागाहून येणाऱ्याचे अनवाणी पाय भाजतात. पाणी ओतून, ढवळून, पुन्हा ओतावे. रायगडातली पोपटी याच मोकळ्यावरच्या रांधण्यातली, पण तिला चूल लागत नाही : भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा घातलेल्या मडक्याभोवतीच जाळ करतात.

निगा : खाऱ्या हवेत साधा पत्रा लवकर गंजतो. राख ओलावा धरते, म्हणून ती आत ठेवू नये. चूल कोरडी पुसून, तेलाचा हात फिरवून उंचावर ठेवतात. मातीची चूल उचलताना काठाला धरत नाहीत, बुडाखाली हात घालतात.