लिड स्पेक्युलमवर गंज का येतो : ग्राहकांसाठी माहिती

लिड स्पेक्युलम म्हणजे डोळ्याच्या शस्त्रक्रियेत पापण्या उघड्या धरून ठेवणारे उपकरण. ते आमच्याकडून घेणाऱ्या ठाणे व नवी मुंबईतील नेत्ररुग्णालयांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते, ती अशी की स्टील उत्तम प्रतीचे असेल तर काही महिन्यांतच त्यावर गंज कसा चढतो. प्रश्न रास्त आहे. परंतु फोनवर उत्तर देऊ लागलो की पुढची केस टेबलावर आलेली असते आणि बोलणे अर्धवट राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहून देत आहोत.

दुरुस्तीसाठी आलेले प्रत्येक स्पेक्युलम वागळे इस्टेटमधील आमच्या गाळ्यात आधी दहापट भिंगाखाली पाहिले जाते. वायर स्पेक्युलम असेल तर पापणीखाली जाणाऱ्या टोकाच्या वळणावर टाचणीने टोचल्यासारखे तपकिरी ठिपके दिसतात, आणि स्क्रूने उघडझाप होणारे लिबरमन प्रकारचे असेल तर स्क्रूच्या आट्यांमध्ये पांढरी भुकटी साचलेली असते. ही भुकटी म्हणजे बहुतेक वेळा वाळलेले मीठ. शस्त्रक्रियेनंतर ते उपकरण सलाईनच्या ट्रेमध्ये पडून होते, हे कोणाला न विचारताही आमच्या लक्षात येते.

रक्त आणि व्हिस्को (शस्त्रक्रियेत डोळ्यात भरतात तो चिकट जेल) वाळून चिकटू नये म्हणून सिस्टर उपकरणे भिजत ठेवतात, आणि त्यांचे ते करणे योग्यच आहे. चुकते ते फक्त द्रव निवडण्यात. नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवतो तो त्याच्या पृष्ठभागावरील क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि मिठातील क्लोराइड नेमका हाच थर जागोजागी फोडून आत सूक्ष्म खड्डे पाडते. त्याच अवस्थेत उपकरण ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १३४ अंशांवर गेले की उरलेले काम वाफ आणि उष्णता पूर्ण करतात. बीएसएसमध्येही (शस्त्रक्रियेत डोळा धुण्यासाठी वापरतात त्या क्षारयुक्त द्रावणातही) क्लोराइड असतेच, त्यामुळे ‘आम्ही सलाईन नव्हे, बीएसएस वापरतो’ हे उत्तर पुरेसे नाही. आणि फरशी पुसण्याच्या हायपोक्लोराइटमध्ये उपकरणे बुडवणे तर त्याहून घातक. ज्या ट्रेमध्ये एक गंजलेले स्पेक्युलम असते त्याच ट्रेमधील चांगल्या उपकरणांवरही तो गंज उतरतो, म्हणून असे उपकरण दिसताच वेगळे काढावे.

भिजवायचेच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवावे, अथवा त्यात ओला केलेला कपडा उपकरणांवर झाकावा. धुताना लिबरमनचा स्क्रू पूर्ण सैल करून आटे मऊ ब्रशने साफ करावेत. शेवटचा हात मात्र नळाच्या पाण्याचा नसावा. टँकरचे किंवा बोअरचे पाणी इमारतीच्या टाकीत मिसळले की उपकरणांवर उमटणारे पांढरे डाग घोडबंदर रोडवरच्या आमच्या ग्राहकांना चांगले परिचयाचे आहेत. एन्झाइमचे द्रावण वापरत असल्यास ते बाटलीवरील प्रमाणातच करावे आणि नंतर भरपूर डिस्टिल्ड वॉटरने धुऊन काढावे. स्पेक्युलम डोळ्याच्या आत जात नाही हे खरे, पण त्याच ट्रेमध्ये धुतलेल्या कॅन्युला (डोळ्यात द्रव सोडण्याच्या बारीक नळ्या) जातात, आणि त्यांच्यातील डिटर्जंटचा अंश टासला, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या पुढच्या भागात जंतूंशिवाय येणाऱ्या तीव्र सुजेला, कारण ठरू शकतो, हे डॉक्टरांना आम्ही सांगण्याची गरज नाही. धुतल्यावर पूर्ण कोरडे करूनच पॅक करावे.

डाग आहे की गंज, हे आपल्यालाही घरच्या घरी तपासता येते. पेन्सिलच्या साध्या खोडरबराने डाग घासावा. तो निघून खाली गुळगुळीत धातू दिसला तर तो पाण्याचा किंवा द्रावणाचा डाग होता. खाली खड्डा दिसला तर तो गंज समजावा. चाचणीनंतर उपकरण पुन्हा धुऊन निर्जंतुक केल्याशिवाय वापरू नये.

खड्डे पडलेले स्पेक्युलम आम्ही बदलून देत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. घडणीतील दोष, म्हणजे दोन्ही बाजू समान न उघडणे, स्क्रू अडकणे किंवा कड खरखरीत असणे, आढळल्यास आम्ही विनातक्रार बदलून देतो. खड्ड्यांवर पॉलिश करून देण्याची मागणीही आम्ही नाकारतो, कारण पॉलिश म्हणजे धातू घासून काढणे, आणि आधीच बारीक असलेली तार आणखी बारीक केली तर ती रुग्णाच्या पापणीखाली असताना तुटणार नाही याची हमी आम्हाला देता येणार नाही. दोन पैसे मिळत असले तरी हे काम आम्हाला नको.

मुळात उपकरणे घाईने धुतली जातात ती पुढच्या केससाठी तीच लागतात म्हणून. एका दिवसात दहा मोतीबिंदू करणाऱ्या ओटीत चारच स्पेक्युलम असतील तर कोणत्याही सिस्टरला नीट धुणे, वाळवणे आणि ऑटोक्लेव्हची पूर्ण सायकल देणे जमणार नाही. आपल्या केसेसचा हिशेब सांगितल्यास किती नग पुरतील हे आम्ही प्रामाणिकपणे सांगू; ज्यांच्याकडे पुरेसे आहेत त्यांना आम्ही नवे घेण्याचा आग्रह करत नाही. टायटॅनियमचे स्पेक्युलम वजनाने हलके असते आणि मिठाच्या पाण्याने गंजत नाही, पण ते महाग पडते आणि आट्यांत मीठ साचले तर त्याचाही स्क्रू अडकतोच.

दुरुस्तीसाठी पाठवण्यापूर्वी उपकरण धुऊन ऑटोक्लेव्ह करावे आणि पाकिटावर तसे लिहून तारीख घालावी. अशी नोंद नसलेले पाकीट आमच्याकडे उघडले जात नाही, तसेच परत केले जाते.