तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?

मराठी ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न आयुष्यात कितीदा ऐकावा लागतो, याची मोजदाद नाही. भाड्याचं घर बघायला गेल्यावर, नोकरीच्या मुलाखतीत, लांबच्या रेल्वेप्रवासात शेजारच्या बाकावरून. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. आपलं मराठी ऐकून त्याला खरोखर नवल वाटलेलं असतं. पण सप्टेंबर २०१९ मध्ये हाच प्रश्न चव्हाट्यावर आला, तेव्हा त्यात नवल कमी आणि राग जास्त होता. उस्मानाबादला भरणाऱ्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली होती. या पदावर आलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. लगेच विरोध सुरू झाला, धमकीचे फोन गेले. एका पाद्र्याचा मराठी साहित्याशी संबंध काय, असा सूर होता. तो संबंध चारशे वर्षांपेक्षा जुना आहे, आणि तो सगळाच गौरवाचा नाही. म्हणून दोन्ही बाजू सांगायला हव्यात.

सुरुवात गोव्यातून करावी लागते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशू संघाचा धर्मगुरू, १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि बहुतेक आयुष्य त्याने दक्षिण गोव्यातल्या साष्टीत काढलं. तो काळ शांततेचा नव्हता. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय बसलं होतं, साष्टीतली देवळं पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं आणि पोर्तुगीजांनी त्याचा सूड गावच्या प्रमुखांवर उगवला. स्टीफन्स त्याच मुलखात वावरत होता. १६१६ मध्ये राचोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत, पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. त्या पहिल्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. पुढे हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं.

या ग्रंथातली मराठीची स्तुती पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांच्या ओळखीची आहे: 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा, कि रत्नांमाजि हिरा निळा, तैसी भासांमाजि चोखळा, भासा मराठी.' मला मात्र त्याच्या आरंभीचा एक प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला दुसरं काही का देत नाही? या एका प्रश्नात सगळी कथा आहे. जबरदस्ती आहे, तुटलेपण आहे, आणि देव बदलला तरी ओवीशिवाय न भागणारी मराठी माणसाची सवयही आहे. स्टीफन्सने उत्तर दिलं ते ओवीतच. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. त्याचा स्वर ऐकणाऱ्याला ज्ञानेश्वर-एकनाथांची आठवण व्हावी इतका तो या मातीत मुरला होता.

मग राज्यकर्त्यांनीच हा धागा तोडला. १६८४ मध्ये पोर्तुगीज विजरईने हुकूम काढला की स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी. तरीही मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत ख्रिस्तपुराणाच्या वह्या उतरवल्या जात राहिल्या, उपासाच्या दिवसांत गायल्या जात राहिल्या.

वसईची गत वेगळी. १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, तिथे पोर्तुगीज होते. ते गेले. केळी, पानवेली आणि भाजीपाला पिकवणारे ख्रिस्ती शेतकरी, आगरी-कोळी आपल्या जागी राहिले. तिथल्या कुपारी या ख्रिस्ती समाजाने आपली सामवेदी बोली सोडली नाही, बायकांनी लुगडं सोडलं नाही. मुंबईच्या बाजूला याच मूळच्या लोकांनी १८८७ मध्ये स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेतलं, ते मुख्यतः नोकरीच्या बाजारात गोव्याहून आलेल्यांपासून आपण वेगळे आहोत हे इंग्रज सरकारला कळावं म्हणून. घरात ते मराठीच बोलत होते. प्रार्थना मात्र लॅटिनमध्ये. देवाशी बोलायची भाषा आणि शेतात बैलाशी बोलायची भाषा वेगळी, असं शेकडो वर्षं चाललं.

देशावर ख्रिस्ती धर्म आला तो दुसऱ्या वाटेने. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांनी ठाणं केलं. त्यांची कामं म्हणजे शाळा, छापखाना आणि प्रवचन. १८४२ मध्ये त्यांनी 'ज्ञानोदय' सुरू केलं. धर्मप्रचार हा त्याचा उद्देश होताच, पण त्यात भूगोल, विज्ञान आणि बातम्याही असत. विधवांचे हाल, अस्पृश्यता, मुलींचं शिक्षण यांवर तिथे वाद झडले. सिंथिया फरार या बाईंनी नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. जोतीराव स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी त्या शाळांमधून जे घेतलं त्याचं काय केलं ते महाराष्ट्राला माहीत आहे. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिलं. हिंदू विधवांच्या दुःखावरची ही गोष्ट पुष्कळ अभ्यासक मराठीतली पहिली कादंबरी मानतात.

आता टिळकांकडे येतो. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचे चित्पावन ब्राह्मण. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर फुटलं. लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे परतल्या, आणि त्यांचं सोवळं-ओवळं कसं एकेक पदर सुटत गेलं ते त्यांनीच 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलं आहे. धर्मांतरावर महाराष्ट्रात आजवर जे काही बोललं गेलं, त्यात मला या बाईंचं लिहिणं सर्वांत खरं वाटतं, कारण त्या कुणाला पटवायला बसलेल्या नाहीत.

टिळक नगरला आले तेव्हा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या ख्रिस्ती समुदायात, गाणी होती ती बरीचशी इंग्रजी चालींवर बसवलेली, भाषांतरित. कीर्तनाचा प्रयोग मिशनमध्ये आधीच सुरू झाला होता, पण गाण्यांत जीव टिळकांनी ओतला. त्यांनी अभंग लिहिले, पदं लिहिली. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हटलं. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते उघड सांगत. 'उपासना संगीत' या मंडळीच्या गीतसंग्रहात त्यांची पदं आजही आहेत. माझ्या लहानपणी आमच्या मंडळीत रविवारी संध्याकाळी पेटी आणि टाळ निघत. पाळकसाहेब शब्द सांगत आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या बाया पुस्तक न उघडता पुढची ओळ धरत. त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. त्यांचा धर्म त्या पदांतच होता.

याच टिळकांची पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची कविता महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी शाळेत घोकली आहे. कवीचा धर्म कोणता हे तेव्हा कुणी विचारलं नाही. बालकवी त्यांच्या घरी राहिले, त्यांच्या संगतीत वाढले. टिळकांचं देशप्रेम कडवं होतं आणि मिशनच्या गोऱ्या कारभाराशी त्यांचं पटत नसे. ख्रिस्ती होणं म्हणजे साहेब होणं नव्हे, हे ते लोकांना तोंडावर सांगत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारायला घेतला. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला, ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

पंडिता रमाबाईंविषयी वेगळं लिहावं लागेल इतका तो विषय मोठा आहे. इथे दोनच गोष्टी. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांची कशी दैना होते हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहून जाहीर केलं. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते खोटं ठरवायचा प्रयत्न केला. ख्रिस्ती झाल्या म्हणजे सरकारच्या झाल्या, असं रमाबाईंविषयी म्हणणारे पुष्कळ होते, आणि इकडे ख्रिस्ती सरकारला जाब विचारत होत्या त्याच. दुसरी गोष्ट पुणे जिल्ह्यातल्या केडगावची. दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली-बायका तिथे शिकल्या, आणि त्यांच्यातल्या काहींनी खिळे जुळवले, छापखाना चालवला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळावरून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं ते याच ठिकाणी. शेवटच्या वर्षांत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.

टिळक आणि रमाबाई, दोघंही ब्राह्मण. महाराष्ट्रातले ख्रिस्ती म्हटलं की ही दोन नावं घेतली जातात आणि मंडळीत बसलेली बहुसंख्य माणसं नजरेआड होतात. नगर, जालना, औरंगाबादकडे १८७६ पासूनच्या दुष्काळांच्या मागेपुढे जे ख्रिस्ती झाले ते मुख्यतः महार आणि मांग. काहींना भुकेने आणलं हे खरं, आणि शाळेने, माणूस म्हणून मिळालेल्या वागणुकीनेही आणलं हेही तितकंच खरं. पण जात मंडळीच्या दारात गळून पडली नाही. लग्नं जुळवताना ती आजही डोकावते, हे आम्ही आपसांत कबूल करतो, चारचौघांत करत नाही.

सरकारदरबारी मात्र उलटं झालं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदू सोडून अन्य धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीत धरायचं नाही असं ठरलं. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं गेलं. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून याचिका आहे. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने आयोग नेमला आणि त्याला मुदतवाढ मिळत गेली. खेड्यात याचा अर्थ असा की एका भावाच्या दाखल्यावर एक जात आणि चर्चमध्ये जाणाऱ्या दुसऱ्याच्या दाखल्यावर दुसरंच काही. दोघांची घरं एकाच वस्तीत, आणि गावाच्या नजरेत दोघांची जात एकच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती दहा लाख ऐंशी हजारांच्या आसपास, म्हणजे शेकडा एकालाही जरा कमी भरले. या आकड्याकडे बघताना कागदावरचा धर्म आणि घरातला धर्म यांत किती अंतर पडलं असेल याचाही विचार करावा.

वसईकडे परत जाऊ, कारण दिब्रिटो तिथले. १९४२ मध्ये नंदाखालला शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. ते धर्मगुरू होण्यासाठी शिकत होते त्या वर्षांत रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, १९६२ ते १९६५. तिने मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, लोकांच्या भाषेत करायला मोकळीक दिली. वसईच्या चर्चमध्ये मराठी घुमू लागली. ज्या आजीने आयुष्यभर लॅटिन आवाज नुसते ऐकले होते तिला पहिल्यांदा शब्द कळले. १९५५ पासून निघणाऱ्या 'सुवार्ता' मासिकाचे दिब्रिटो १९८३ मध्ये संपादक झाले, आणि त्यात चर्चच्या बातम्यांच्या शेजारी पाणी, जमीन आणि संत तुकाराम आले.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर पडली आणि दडपशाही सुरू झाली. वाडीतल्या विहिरीतून दिवसरात्र टँकर भरून जात. समुद्र जवळ असल्याने उपसा वाढला की विहिरीचं पाणी खारं होतं. मग पानवेल जळते, केळीचं पान कडेने पिवळं पडतं. हे ज्यांच्या वाडीत घडलं ते रविवारी चर्चमध्ये येत होते. दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीतून लोकांना एकत्र केलं. त्यात हिंदू होते, ख्रिस्ती होते, शेतकरी होते, मास्तर होते. फादरांनी धर्म सांगावा, मोर्चे काढू नयेत, असं त्यांना ऐकवणारे बाहेर होते तसे चर्चमध्येही होते. दिब्रिटोंचं म्हणणं असं की विहीर खारी झाल्यावर शेतकऱ्याला कोणतं शुभवर्तमान सांगायचं? याच माणसाने पुढे 'सुबोध बायबल' हे भाषांतर केलं आणि त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबादच्या संमेलनाच्या वेळी, त्यांची पाठ भयंकर दुखत होती. पोलिसांचा कडक बंदोबस्त होता. तरी ते गेले आणि अध्यक्षीय भाषण केलं, मराठीत, जी त्यांच्या आईने नंदाखालला त्यांच्याशी बोलायला वापरली होती. २५ जुलै २०२४ ला ते गेले. त्यांना निरोप द्यायला वसईत जमलेल्या गर्दीत लाल लुगड्यातल्या कुपारी बाया होत्या, आणि हरित वसईच्या मोर्चात त्यांच्याबरोबर चाललेले, आता काठी टेकत आलेले शेतकरीही.