मेळघाटातली अन्नटंचाई आणि लहान मुलं

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, सातपुड्याच्या गाविलगड रांगेतले, आणि उत्तरेला लागूनच मध्य प्रदेशची हद्द. वस्ती मुख्यतः कोरकूंची, सोबत गोंड, निहाल, गवळी. नावाचा अर्थ घाटांचा मेळ असा बहुतेक ठिकाणी देतात आणि तो पटतो. इथली अन्नटंचाई एखाद्या वर्षी पडणाऱ्या दुष्काळासारखी नाही, ती दरवर्षी येते. जून ते सप्टेंबर घरातलं धान्य संपत आलेलं, नवीन पीक अजून शेतात, नाल्यांना पूर आला की रस्ता बंद, आई दिवसभर निंदणीला, आणि घरी तिचं दोन वर्षांच्या आतलं लेकरू थोड्या मोठ्या भावंडाच्या कडेवर.

ही टंचाई कधीपासूनची यावर मतं वेगळी आहेत. काहींच्या मते ती जुनीच आहे, डोंगरातली हलकी जमीन आणि पावसावरची शेती म्हटल्यावर पावसाळ्यात तंगी येणारच, फक्त बाहेर कळलं उशिरा. दुसरं मत असं की इंग्रजांनी साधारण 1860 च्या दशकापासून इथलं जंगल राखीव करायला घेतलं, उतारावरची फिरती शेती बंद पाडली आणि कोरकू माणूस मजुरीवर आला, पुढे 1974 मध्ये व्याघ्र प्रकल्प आल्यावर जंगलात ये-जा अजून आवळली गेली. तिसरं मत पिकांकडे बोट दाखवतं, म्हणजे कोदो-कुटकी ही भरड धान्यं आणि ज्वारी मागे पडून सोयाबीन आलं, हातात पैसा आला पण कणगी रिकामी राहिली. यातलं एकच कारण धरता येत नाही, तरी जंगलाच्या मताला वजन जास्त वाटतं, कारण पावसाळ्यातली तूट भरून काढणारं सगळं म्हणजे कंदमुळं, रानभाज्या, नाल्यातले मासे, साठवलेली मोहफुलं, हे बिनपैशाचं होतं आणि ते जंगलातूनच यायचं.

1993 च्या सुमारास बालमृत्यूंच्या बातम्या आल्या आणि मेळघाट हे नाव कुपोषणाला चिकटलं. तेव्हापासून एक वाद चालूच आहे, मूल भुकेनं गेलं की आजारानं. सरकारी कागदावर कारण न्यूमोनिया, जुलाब, कमी वजनाचं बाळ असं पडतं, आणि ते खोटं नसतं, पण खंगलेल्या पोराला जुलाब झेपत नाहीत, त्यामुळे आजार आणि भूक वेगळे काढणं वैद्यकीयदृष्ट्या फारसं टिकत नाही. आकड्यांचाही वाद आहेच. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालानं 2001 मध्ये दाखवलं की राज्यात बरेच बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत. मोजायची पद्धतही मध्ये बदलली, आधी वजनावरून श्रेणी तीन आणि चार असं म्हणायचे, आता सॅम (तीव्र कुपोषित) आणि मॅम (मध्यम कुपोषित) म्हणतात, त्यामुळे जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून कुपोषण घटलं की वाढलं हे सांगणं धोक्याचं आहे. अंगणवाडीताई दंडाला पट्टी गुंडाळते, 11.5 सेंटीमीटरच्या खाली आलं की लाल, म्हणजे सॅम. एवढा दंड मोठ्या माणसाच्या दोन बोटांच्या पकडीत मावतो.

योजना बऱ्याच आहेत: अंत्योदयचं महिन्याला 35 किलो धान्य, गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं जेवण देणारी अमृत आहार योजना (2015 पासून), सॅम मुलांसाठी गावातच चालणारं व्हीसीडीसी (ग्राम बाल विकास केंद्र). 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 कॅलरी ठरवल्या, कुपोषित असेल तर 800. पण शिजवलेलं गरम जेवण तीन वर्षांपुढच्या मुलांना मिळतं, त्याखालच्यांना घरी न्यायचं पाकीट, टीएचआर. घरात सहा तोंडं असली तर ते पाकीट सहा जणांत जातं, आईला दोष देण्यासारखं यात काही नाही. खरी गळती इथं आहे, कारण पोर खंगतं ते वरचं अन्न सुरू व्हायच्या वयात, साधारण सहा महिने ते दोन वर्षं. शिवाय पोट फुगलं की अनेक घरी आधी भूमका म्हणजे गावातला पारंपरिक वैदू, कधी गरम सळईचे चटके (डंबा), दवाखाना नंतर.

दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं कामाला बाहेर पडतात, वीटभट्टी, हरभऱ्याची काढणी, आणि होळीला परत येतात, होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. या साधारण चार महिन्यांत पोरांची अंगणवाडी सुटते, वजन होत नाही, टीएचआर गावातच राहतो. रेशन आता दुसऱ्या राज्यातही उचलता येतं, पण भट्टीवरून दुकान गाठायचं तर दिवसाची मजुरी बुडते.

हद्दीपलीकडे खंडवा जिल्ह्याच्या खालवा भागातही कोरकूच आहेत आणि तिथलं कुपोषणही तसंच. बैरागडसारख्या टोकाच्या गावांत (डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांनी इथंच काम केलं, 2019 मध्ये दोघांना पद्मश्री) सोयरिकी आणि बाजार दोन्ही बाजूंना चालतात. बाळंतपणाला माहेरी गेलेली आई हद्द ओलांडते तेव्हा तिचं बाळ इकडच्या रजिस्टरमध्ये ‘स्थलांतरित’ म्हणून राहतं आणि तिकडच्या रजिस्टरमध्ये अजून चढलेलं नसतं.