रोड सायकलचा टायर कापला गेल्यास: चालवावा की बदलावा?

(रोड सायकल वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

गणेशोत्सव आटोपून रस्ते कोरडे होऊ लागले की आमच्या रत्नागिरीच्या दुकानात दोन तऱ्हेचे टायर येतात. रबरावर दोन-चार बारीक चिरा पडलेला, पण आतून धडधाकट असलेला टायर ग्राहक बदलून मागतात. आणि बाजूला फुगा आलेला टायर मात्र ‘एवढा रविवार काढतो’ म्हणून हवा भरून न्यायला निघतात. पहिल्या बाबतीत पैसे वाया जातात, दुसऱ्या बाबतीत हाडे मोडण्याची वेळ येते. टायर बदलायचा की नाही हे आपल्याला घरीच ठरवता यावे, यासाठी हे पत्रक दिले आहे.

टायरमधील हवेचा दाब रबर पेलत नाही. तो पेलते रबराखालचे नायलॉन धाग्यांचे कापड, ज्याला केसिंग म्हणतात. बाहेरच्या रबराचे काम रस्ता धरून ठेवण्याचे आणि कापडाचे रक्षण करण्याचे आहे. म्हणून चीर किती लांब आहे यापेक्षा ती धाग्यापर्यंत पोचली आहे का, आणि पोचली असल्यास किती धागे तुटले आहेत, हे पाहावे. रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यातील चीर केवळ रबरापुरती असेल, तर ती बोटाच्या पेराएवढी असली तरी टायर चालतो. त्यात अडकलेली काच किंवा खडीची कपची मात्र टोकदार पिनेने उकरून काढावी, कारण ती चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी आत सरकत जाते आणि पंक्चर आठवड्याभराने, भलत्याच ठिकाणी होते.

तपासणी करताना हवा पूर्ण सोडून टायर रिमवरून उतरवावा. चीर दोन्ही अंगठ्यांनी फाकवून उजेडात पाहावी, मग टायर उलटा करून आतली बाजू त्याच जागी पाहावी. आत कापड सलग असेल तर चिंतेचे कारण नाही. धागे तुटून सुटे झाले असतील, किंवा उजेड आरपार दिसत असेल, तर केसिंग कापली गेली आहे असे समजावे. आतून हात फिरवताना बोटांभोवती सुती फडके गुंडाळावे. काटा किंवा तारेचे टोक असेल तर फडके तिथे अडकते आणि बोट वाचते. आंब्याच्या हंगामात लाकडी पेट्यांचे बारीक खिळे अशा रीतीने कितीतरी वेळा सापडतात.

यानंतर टायर पुन्हा बसवून निम्मी हवा भरावी आणि चाक हळू फिरवून टायर ब्रेकच्या रबराजवळून सरळ जातो का ते पाहावे. एखाद्या जागी तो उसळत किंवा डोलत असेल, तर आधी रिमलगत टायरवर असलेली बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का, याची खात्री करावी. रेघ कुठे आत गेली असल्यास टायर नीट बसलेला नाही, एवढेच. हवा सोडून तो पुन्हा बसवावा. रेघ सारखी असूनही टायर डोलत असेल किंवा उंचवटा दिसत असेल, तर आतले धागे तुटले आहेत. असा फुगा दुरुस्त होत नाही. तो आज वाटाण्याएवढा असला तरी टायर त्याच दिवशी बदलावा.

टायरच्या बाजूवर झालेल्या जखमेबाबत आम्ही अधिक कडक आहोत. तिथे रबराचा थर अगदी पातळ असतो आणि चाक फिरताना तोच भाग सतत वाकतो, त्यामुळे तुटलेल्या दोन धाग्यांचे दहा व्हायला वेळ लागत नाही. बाजूचा धागा तुटलेला टायर आम्ही पुन्हा बसवून देत नाही. मात्र जखमी टायर बदलण्यापूर्वी जखमेचे कारण पाहावे. ब्रेकचे रबर रिमऐवजी टायरला घासत असेल, तर बाजूवर गोलाकार चराच पडतो, आणि ब्रेक नीट न लावता नवा टायर घातल्यास त्याचीही तीच गत होते.

मधल्या पट्ट्यातील तीन मिलिमीटरपर्यंतचा आरपार काप आतून गेटर (कापाला आधार देणारा तुकडा) लावून चालवता येतो, पण फक्त मागच्या चाकावर. जुन्या टायरच्या बाजूचा पातळ तुकडा कडा तासून लावल्यास गेटर उत्तम बसते. आरे-वारेच्या चढावर टायर फाटला आणि जवळ काहीच नसले, तर टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा किंवा चौपदरी घडी केलेली नोट टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये ठेवून, हवा थोडी कमी भरून, घर गाठता येते. तो उपाय घरापर्यंतचाच आहे. चिरेत गोंद भरल्याने रेती आत जायची थांबते. ताकद काडीचीही वाढत नाही.

पुढच्या चाकाचा टायर नेहमी दोहोंतला चांगला असावा. मागचा टायर घसरला तर बहुधा सावरता येते, पुढचा घसरला तर सायकल हातात राहत नाही. मागच्या चाकावर वजन जास्त आणि पायडलचा जोरही त्याच्यावरच, म्हणून तो लवकर झिजतो. तो बदलताना पुढचा टायर मागे घालून नवा पुढे बसवावा, असे आम्ही सुचवतो. आंबा घाट उतरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण रिमवर दाबणारे ब्रेक सतत धरून ठेवल्यास रिम तापते, आणि आधीच दुबळा झालेला टायर किंवा ट्यूब नेमकी उतारावर फुटू शकते.

झिजेविषयी थोडक्यात सांगायचे तर, गोलसर टायर मध्यभागी सपाट झाला, झीज दाखवणारी बारीक छिद्रे (ती सर्वच टायरांना नसतात) दिसेनाशी झाली, किंवा रबराखालचा थर दिसू लागला, की टायर बदलावा. निरनिराळ्या जागी लागोपाठ पंक्चर होत असतील तर रबर पातळ झाले आहे. पंक्चर एकाच जागी होत असेल तर टायर बदलण्याआधी आत राहिलेला काटा शोधावा, आणि ट्यूबचे भोक रिमच्या बाजूला असेल तर स्पोकवरची पट्टी तपासावी.

किलोमीटर मोजून टायर बदलण्याची सवय आमच्या मते इकडे उपयोगाची नाही. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात ओले रबर काचेने आणि खडीने चटकन कापले जाते, आणि खड्डे बुजवताना सांडलेली खडी महिनोन्महिने रस्त्याच्या कडेलाच असते. खाऱ्या हवेने रबर बिघडत नाही. तिचा त्रास होतो तो साध्या टायरच्या कडेतील लोखंडी तारेला. कडेचे रबर सुटून गंजलेली तार दिसू लागली तर टायर टाकून द्यावा. पावसाळ्यात सायकल बंद ठेवणार असाल तर ती टांगून ठेवावी किंवा अधूनमधून हवा भरावी. सायकल चार महिने बसक्या टायरवर उभी राहिली तर टायर घडीच्या जागी तडकतो. पृष्ठभागावरच्या केसासारख्या भेगा चालतात, भेगेत धागा दिसला तर नाही.

नवा टायर घेताना जुन्यावरचा २५-६२२ किंवा २८-६२२ असा आकडा पाहून यावे. पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा रिमवर टायर बसतो त्या जागेच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नेहमीच्या काळ्या उभ्या सायकलचा २८ × १ १/२ हा टायर ६३५ मिलिमीटरचा असतो, म्हणून ‘अठ्ठावीसचा द्या’ असे सांगून आणलेला टायर रोड सायकलला बसत नाही. इकडच्या रस्त्यांसाठी, फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा असल्यास, २५ ऐवजी २८ रुंदीचा टायर घ्यावा आणि हवा टायरवर व रिमवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत ठेवावी. टायर धरणारी आत वळलेली कड नसलेल्या, म्हणजे हुकलेस, रिमवर ही मर्यादा ५ बार, सुमारे ७२ पीएसआय, असते आणि तिथे रिम उत्पादकाने मान्य केलेलाच टायर घालावा. निर्णय होत नसेल तर टायर चाकासकट आणावा. तो उतरवून पाहण्यास दहा-पंधरा मिनिटे पुरतात.