कुठलाही चोक, कुठलीही ट्यूब: ही सवय लागली कशी?

कोल्हापुरात गिऱ्हाईक दुकानात जाऊन नुसतं 'चार फुटी ट्यूब द्या' म्हणतं. पट्टीतला चोक कुठला, हे दुकानदार विचारत नाही आणि कुणाचं काही अडतही नाही. निदान परवापरवापर्यंत अडत नव्हतं.

फ्लुरोसंट ट्यूब 1938 मध्ये अमेरिकेत बाजारात आली. नळीतली पाऱ्याची वाफ पेटली की करंट वाढतो, अन् करंट वाढला की नळीचा अडथळा अजून घटतो. लगाम नसेल तर ट्यूब क्षणात उडते. तो लगाम म्हणजे चोक. अमेरिकेतल्या 120 व्होल्टवर चार फुटी नळी नीट पेटेना, म्हणून तिथं व्होल्टेजही चढवणारे चोक, म्हणजे बॅलास्ट, आले आणि दिव्यागणिक बॅलास्ट जुळवणं आलं. आपल्याकडे 230 व्होल्ट. त्यातले शंभरेक नळीला लागतात, उरलेल्याचं लोखंडी पत्र्यांवर तार गुंडाळलेला साधा चोक बघून घेतो.

पुढं 38 मिलिमीटरची जाड, 40 वॅटची ट्यूब जाऊन 26 मिलिमीटरची 36 वॅटची 'स्लिम' आली. आत क्रिप्टॉन मिसळून कंपन्यांनी तिचा करंट जुन्याइतकाच, म्हणजे साधारण 0.43 अँपिअर, ठेवला. पिनाही त्याच. त्यामुळे जुनी पट्टी, जुना चोक, जुना स्टार्टर, सगळं चाललं. अमेरिकेतली 32 वॅटची स्लिम मात्र 0.265 अँपिअरची, तिथं बॅलास्टही बदलावा लागला. आपली बेफिकिरी इथून आलीय.

दोन फुटीत थोडी गोम आहे. 40 वॅटच्या एका चोकवर 20 वॅटच्या दोन ट्यूब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडून, चालतात, पण स्टार्टर अशा जोडणीसाठीचेच हवेत. साधे घातले तर ट्यूब नीट पेटत नाही आणि मिस्त्री आधी ट्यूबला शिव्या घालतो.

उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या लेथवाल्यांची तक्रार वेगळीच. आपली वीज सेकंदाला 50 सायकलची, तिच्यावर ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंदावते. लेथचा फिरता चक (काम पकडणारा जबडा) ठरावीक वेगाला थांबल्यासारखा दिसतो. हात घालायचा धोका खरा आहे. म्हणून शेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायच्या, म्हणजे सगळ्या एकदम मंदावत नाहीत. इलेक्ट्रॉनिक चोक वीस हजार सायकलच्या वर चालतो, त्यामुळे त्याच्यावर हा त्रास जवळपास नाहीच.

1995 च्या सुमारास 16 मिलिमीटरची 28 वॅट ट्यूब आली आणि जुनी सोय मोडली. लांबी 1149 मिलिमीटर, म्हणजे चार फुटांहून आखूड, पिना जवळ-जवळ, चोक इलेक्ट्रॉनिकच लागतो. जुन्या पट्टीत ती बसतच नाही.

आता एलईडी ट्यूब. काहींत चोक तसाच ठेवून स्टार्टरच्या जागी सोबत आलेला डमी लावतात, काहींत चोक-स्टार्टर दोन्ही काढून थेट वायरिंग करावं लागतं. त्यातही कुणाला फेज-न्यूट्रल एकाच टोकाला, कुणाला दोन टोकांना. खोक्यावरचं चित्र न बघता लावली तर शॉर्ट होऊ शकते. पाऱ्यावरच्या मिनामाता करारानुसार 2027 संपेपर्यंत घरगुती फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबायची आहे. लावलेल्या ट्यूब वापरायला मात्र हरकत नाही.