संशय (ज्ञानमीमांसा)

एकाच वस्तूबद्दल एकाच वेळी दोन परस्परविरोधी गोष्टी मनात उभ्या राहणं आणि त्यातली खरी कुठली हे ठरवणारी खूण हाताला न लागणं, याला भारतीय तर्कशास्त्रात संशय म्हणतात. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातली (बहुधा १७ वं शतक) व्याख्या साधारण हीच. दोरीला साप समजून पळालात तर तो विपर्यय, कारण तिथे माणूस चुकलेला असला तरी ठाम असतो. संशयात तो ठामच नसतो. जुन्या ग्रंथांतलं ठरलेलं उदाहरण म्हणजे लांबून दिसणारा तो खांब आहे की माणूस. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पौषात दिवस मावळताना हे रोज बघायला मिळतं, उभ्या ज्वारीत मधेच कोणीतरी दिसतं, उंची तेवढीच, डोक्याला फडकं, अंगात सदरा, आता हे बुजगावणं की राखणदार? उंची आणि सदरा दोघांनाही असतो म्हणून त्यावरून काही ठरत नाही. गोफण फिरली की मग ठरतं.

न्यायसूत्रात (न्याय या तर्कपरंपरेचा मूळ ग्रंथ, कर्ता गौतम, काळ साधारण इ.स. दुसरं शतक, काहीजण अलीकडे-पलीकडे नेतात) जे सोळा पदार्थ (म्हणजे विचाराचे विषय) सांगितलेत त्यात संशय तिसरा आणि निर्णय नववा. म्हणजे संशयाला दोष न मानता चौकशीची सुरुवात मानलंय, ज्याबद्दल शंका नाही त्यावर वाद घालायचं काही कारणच नाही. पण संशय किती कारणांनी होतो यावर मात्र भाष्यकारांचं जमत नाही. वात्स्यायन (न्यायसूत्राचा भाष्यकार, साधारण पाचवं शतक, कामसूत्रवाला वेगळा मानतात) सूत्रातून पाच कारणं काढतो. पहिलं समान धर्म, म्हणजे वरचं बुजगावण्याचं. दुसरं अनेक धर्म, म्हणजे असा गुण जो फक्त त्याच वस्तूत सापडतो आणि म्हणूनच तिला कुठल्या गटात टाकावं कळत नाही. तिसरं विप्रतिपत्ती, जाणकारांचीच दोन तोंडं दोन दिशेला. चौथं, खरं पाणी पण दिसतं आणि मृगजळ पण दिसतं, तेव्हा नुसतं दिसण्यावर भरवसा नाही. पाचवं याच्या उलट, जमिनीखालचं पाणी असूनही दिसत नाही आणि जे नाहीच ते पण दिसत नाही. हे पाचवं उदाहरण भाष्यातलंच आहे, पण बोअर मारायच्या आधी हातावर नारळ घेतलेल्या पाणाड्याच्या मागे मागे रानभर फिरलेल्या शेतकऱ्याला ते समजावून सांगायला नको.

उद्द्योतकर (सहावं-सातवं शतक) म्हणतो की शेवटची दोन स्वतंत्र कारणं नाहीतच, ती पहिल्या तिघांबरोबर लागणारी अट आहे, म्हणून कारणं तीन. वैशेषिक (न्यायाला जवळची दुसरी परंपरा) तर एकावरच येतात, समान धर्म दिसणं, विशेष (वेगळेपण दाखवणारी खूण) न दिसणं आणि विशेषाची आठवण असणं. सूत्राची भाषा बघितली तर उद्द्योतकराचं म्हणणं जास्त सरळ बसतं असं वाटतं, पण शिकवायला पाचच सोपी पडतात.

विप्रतिपत्तीला घरचं उदाहरण सोलापूर या नावाचंच. सोळा गावं मिळून सोलापूर असं एक मत, आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव वगैरे यादीसकट. दुसरं मत, सिद्धरामेश्वरांच्या काळापासूनचं (साधारण १२ वं शतक) सोन्नलगे हे नाव बदलत सोनलपूर आणि मग सोलापूर झालं. जिल्हा गॅझेटियर शिलालेखांच्या आधारे दुसरीकडे झुकतं, आणि शक १२३८ चा कामतीचा लेख बघता तेच पटतं. गावात मात्र विचाराल त्याला सोळा गावंच पाठ.

संशयाला शेवट कुठे यावर खरी झुंज न्यायाचा उदयन आणि अद्वैत वेदांती श्रीहर्ष यांची. उदयनाचं म्हणणं, शंका तुमच्याच वागण्याला आडवी येईपर्यंतच चालते, भाकरीने भूक भागेल का अशी शंका काढणारा पण भूक लागली की ताटावर बसतोच, मग ती शंका खरी कशी? श्रीहर्षाने (१२ वं शतक) त्याचाच श्लोक थोडा फिरवून परत मारला: शंकेला विरोध आहे म्हणायचं तर त्या विरोधाला उभं राहायला शंका आधी असावीच लागते, मग ती संपली कुठे? नव्यन्यायाच्या गंगेशाला पुढे याच्याशी सविस्तर भिडावं लागलं. उदयनाचा काळ स्वतःच संशयात आहे. त्याच्याच लक्षणावली या ग्रंथातल्या श्लोकात शब्दांत लिहिलेले आकडे आहेत, 'तर्काम्बराङ्क' म्हणजे शक ९०६ (इ.स. ९८४) येतो, पण 'तर्कस्वराङ्क' असा पाठ धरला तर शक ९७६, म्हणजे १०५४. श्रीधराचा न्यायकंदली हा ग्रंथ शक ९१३ चा आहे आणि उदयन त्याच्या नंतरचा वाटतो, त्यामुळे नंतरची तारीख घेणारे वाढलेत.

ज्ञान खरं आहे हे त्याच ज्ञानातून कळतं की बाहेरून तपासावं लागतं, हाही जुनाच वाद. मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणारी परंपरा) म्हणतात ज्ञान आपोआप खरं धरायचं, खोटं ठरवायला कारण लागतं. नैयायिक, म्हणजे न्यायवाले, म्हणतात आधी पाणी पिऊन बघा.

जैन परंपरेत संशय, विपर्यय आणि अनध्यवसाय (चालताना पायाला काहीतरी लागलं, काय ते बघितलंच नाही) असे तीन दोष मोजतात. स्याद्वाद (प्रत्येक विधान एका अपेक्षेनेच खरं, हे जैन मत) म्हणजे नुसता संशय, असा आक्षेप शंकराचार्यांनी घेतला होता. जैनांचं उत्तर असं की प्रत्येक विधान त्याच्या त्याच्या अपेक्षेने पक्कंच असतं. १३ व्या शतकातल्या भावसेनाचा विश्वतत्त्वप्रकाश हा वादग्रंथ सोलापूरच्याच जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत १९६४ ला छापला, हे शहरात फारसं कुणाला माहीत नसतं.

पाश्चात्त्यांकडे देकार्तने १६४१ मध्ये सगळ्यावर एकदम संशय घेऊन सुरुवात केली, आणि अमेरिकेच्या चार्ल्स पर्सने १८७७ मध्ये सांगितलं की ठरवून घेतलेला संशय हा संशयच नव्हे. पर्स इथे नैयायिकांच्या जवळ येतो.

लोकव्यवहारात निश्चय कसा तयार होतो याचा नमुना म्हणजे सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) जत्रेतली भाकणूक, म्हणजे पुढच्या वर्षाचं भाकीत. संक्रांतीच्या सुमारास होमप्रदीपनानंतर दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, पुढे धान्य, गूळ, खोबरं वगैरे मांडतात, ते कशाला तोंड लावतं, बुजतं का, मूत्र सोडतं का, यावरून पाऊस आणि बाजारभाव सांगतात. सांगायचा मान हिरेहब्बू या मानकरी घराण्याचा. ऐकणारे सगळे विश्वास ठेवतात असं नाही आणि सगळे हसतात असंही नाही. आडतीवर दुसऱ्या दिवशी विषय मात्र निघतो. नैयायिक याला प्रमाण (ज्ञानाचं खात्रीचं साधन) म्हणणार नाहीत, कारण वासरू आणि पाऊस यांची व्याप्ती (कायमचा संबंध) कुणी दाखवलेली नाही, पण संशय पण म्हणणार नाहीत.

पावसाच्याच बाबतीत दुसरी पद्धत याच जिल्ह्यात वापरली गेली. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर धरून ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे फ्लेअर (जळणाऱ्या नळकांड्या) जाळून पाऊस वाढतो का ते बघितलं. पाऊस पडला तो फ्लेअरमुळे की तसाही पडणार होता, हा अगदी समान धर्माचा संशय, कारण दोन्ही ढग दिसायला सारखेच. म्हणून कुठल्या ढगात जाळायचं आणि कुठला तसाच सोडायचा हे शास्त्रज्ञांनी मनाने न ठरवता नशिबावर सोडलं, अशा २७६ ढगांचा हिशोब घातला, आणि वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला १०० चौरस किलोमीटरवर सुमारे १८ टक्के, काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत जास्त पाऊस नोंदला. हे आकडे योग्य ढग असतानाचेच आहेत. आभाळ कोरडं असेल तर ही पद्धत काहीच सांगत नाही, आणि जिल्ह्याला खरी धास्ती असते ती तशाच वर्षांची.