निमंत्रण असलं म्हणजे फोटो खासगी होत नाहीत

जानेवारीत गड्डा यात्रा आली की सोलापुरात घरोघरी फोटोंचा पूर येतो. नंदीध्वज, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, बाराबंदी घातलेली चिमुरडी पोरं. मग ग्रुपवर कुणीतरी हमखास सांगतं, "हे ॲप निमंत्रणाशिवाय उघडत नाही, इथं बिनधास्त टाका." हा सल्ला साफ चुकीचा आहे.

इन्स्टाग्रामचं प्रायव्हेट खातं सगळ्यांना माहीत आहे. रिक्वेस्ट येते, तुम्ही ती घेता किंवा उडवता.

निमंत्रणावर चालणाऱ्या साइटवर हा अधिकार तुमच्याकडे नसतो. तुम्ही मावसबहिणीला बोलावता, ती तिच्या ऑफिसातल्या कुणाला, तो आणखी कुणाला. त्या शेवटच्या माणसाला तुम्ही ओळखतही नाही. फोटो सगळ्या सभासदांना खुला असेल, तर तो त्यालाही दिसणार. खातं कुणाला मिळतं, एवढंच निमंत्रण ठरवतं. फोटो कोण बघतं, ते त्या फोटोची सेटिंग ठरवते. नवी साइट पुष्कळदा निमंत्रण ठेवते ते एकदम गर्दी होऊन ती कोसळू नये म्हणून. तुमच्या फोटोंच्या काळजीपोटी नव्हे.

फोटो जमवून ठेवायच्या पिंटरेस्ट या साइटचंच बघा. २०१० साली ते सुरू झालं तेव्हा खातं निमंत्रणावरच मिळायचं, पण बोर्डवरचे, म्हणजे तिथल्या संग्रहातले, फोटो खातं नसलेल्यांनाही बघता यायचे. ऑगस्ट २०१२ मध्ये निमंत्रणाची अट गेली आणि गुप्त बोर्डची सोय आली ती त्यानंतर, नोव्हेंबरात.

गुगल फोटोजच्या अल्बमची लिंक आणखी वेगळी. लिंक शेअरिंग चालू असेल तर ती ज्याच्या हाती पडेल त्याला अल्बम दिसतो. ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. निमंत्रणाचे कोड अनोळखी लोकांत वाटणाऱ्यांचाही.

लहान मुलांचे फोटो मी मोजक्या फॉलोअर्सच्या प्रायव्हेट खात्यावरच टाकायला सांगेन. तरी निमंत्रणाच्या साइटवर जायचंच असेल, तर आधी फुलाचा किंवा भिंतीचा एखादा फोटो चढवा. त्याचा पत्ता कॉपी करून ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता उघडा. उघडला, तर तो जगाला दिसतोय. नाही उघडला, तरी सेटिंगमध्ये 'सगळे सभासद' आहे की 'फक्त माझे लोक', हे बघा आणि मगच नातवंडांचे फोटो चढवा.